रागमालेचा उलटा प्रवास : ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेविषयी

चित्राने संगीतास किंवा संगीताने चित्रास जन्म द्यावा, ही कल्पना नवी नव्हे. आपल्याकडील रागमालाचित्रांत चित्रकार रागास देह देतो. तोडी रागिणी म्हटली की वीणाधारिणी युवती व तिच्याभोवतीची हरिणे डोळ्यांपुढे उभी राहतात. युरोपात मुसॉर्ग्स्की या रशियन संगीतकाराने हार्टमान या मित्राची चित्रे पाहून १८७४ मध्ये पियानोसाठी रचनामाला लिहिली. म्हणजे तेथे प्रवास उलट दिशेने झाला. हिंदुस्थानी संगीतात या दुसऱ्या जातीचा ठळक प्रयत्न कोणता, असे विचारल्यास १९६७ साली एच. एम. व्ही.ने काढलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवावे लागेल.

काश्मीरमधील एका मेंढपाळाचा एक दिवस हा तिचा विषय. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी व ब्रिजभूषण काबरा यांची गिटार अशी वाद्ययोजना असून तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. निर्माते होते जी. एन. जोशी. वऱ्हाडच्या वाचकास हे नाव अपरिचित नसावे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जोशींनीच १९३२ मध्ये गाऊन ध्वनिमुद्रित केली होती. रानातून येणारी ती शीळ आणि पस्तीस वर्षांनंतरची ही बासरी यांत कार्यकारणभाव शोधणे धाडसाचे ठरेल. परंतु तीन मिनिटांच्या तबकडीवर निसर्ग व प्रीती उतरविणाऱ्या माणसास दीर्घ मुद्रिकेच्या विस्तृत अवकाशाचे मोल कळले असणार, एवढे निश्चित.

आता मुख्य प्रश्न असा की, वेष्टनावरील कथा काढून घेतली, तर श्रोत्यास मेंढपाळ दिसेल काय? माझ्या मते दिसणार नाही. दिसेल तो प्रहर. पहाटेस अहीरभैरव व नटभैरव, नंतर पिलू, सायंकाळ सरताना भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी, हा क्रम भातखंड्यांनी सुव्यवस्थित मांडलेल्या समयसिद्धान्तावरच उभा आहे. चित्र आहे ते स्थळाचे नसून काळाचे. स्थळाची खूण पटते ती संतुराच्या ध्वनीने, कारण ते वाद्य काश्मीरच्या सूफियाना परंपरेतील आहे. कलमांच्या आघाताने उमटणारे त्याचे स्वर थेंबांसारखे सुटे पडतात. त्यांना जोडणारी अखंड रेषा बासरी व गिटारची मींड पुरविते. बिंदू व रेषा यांचे हे नाते चित्रकलेच्या अभ्यासकाने अवश्य ऐकावे. अहीरभैरवाच्या नावातच गुराख्यांच्या जातीचा निर्देश आहे, ही गोष्टही येथे सुखद वाटते.

एक उणीव मात्र जाणवते. या दिवसाला माध्यान्ह नाही. भैरवाच्या प्रकारांनंतर एकदम पिलू येतो. सारंग कोठेच नाही. काश्मीरच्या शीतल दरीत ते कदाचित शोभत असेल. चांदूर रेल्वेच्या माळावर वैशाखात मेंढ्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत माना खाली घालून उभ्या राहतात, तेव्हा दिवसाचा खरा स्वामी दुपारच असते. आणि तिच्यासाठी वृंदावनी सारंगाइतका समर्पक राग दुसरा नाही. वऱ्हाडी मेंढपाळाचा दिवस कोणी स्वरबद्ध करू म्हणेल, तर त्यास आरंभ बहुधा तेथूनच करावा लागेल.