एकच बाग, वेगवेगळे हंगाम : बोर्दोच्या रेड वाइनचे चव-परीक्षण

वाइनची प्रत द्राक्षाची जात, जमीन, हवामान, मशागत व वाइन तयार करण्याची पद्धत यांवर अवलंबून असते. यांपैकी हवामानाचा वाटा किती, हे ओळखणे अवघड असते. त्यासाठी एकाच बागेच्या निरनिराळ्या वर्षांच्या वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखतात. वाइनच्या द्राक्षाची लागवड करणाऱ्या बागायतदारांनी ही पद्धत समजून घेणे फायद्याचे आहे.

बागेची ओळख

उदाहरणादाखल फ्रान्सच्या बोर्दो विभागातील पोयाक गावची शातो लातूर ही बाग घेऊ. (नावाचा आपल्या लातूरशी संबंध नाही, फ्रेंच भाषेत 'ला तूर' म्हणजे बुरूज.) १८५५ च्या प्रतवारीत या बागेला पहिला दर्जा मिळाला. बागेचा सुमारे ४७ हेक्टरचा मुख्य भाग झिरोंद खाडीजवळ आहे. जमिनीत वर गोटे व खाली चिकणमाती आहे. गोट्यांमुळे जादा पाण्याचा निचरा होतो, तर खालची माती कोरड्या दिवसांत वेलींना ओल पुरवते. मुख्य जात काबर्ने सोव्हिन्यॉन असून जोडीला मर्लो आहे.

परीक्षण कसे करावे?

१) चार ते सहा वर्षांच्या वाइन निवडाव्यात. तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस असावे.
२) प्रत्येक ग्लासात ३० ते ५० मि.लि. वाइन घ्यावी. जुन्या बाटलीतील गाळ ढवळू देऊ नये.
३) पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग पाहावा. नव्या वाइनची कड जांभळट, तर जुनीची विटकरी दिसते.
४) वास घ्यावा, घोट तोंडात फिरवावा व थुंकून टाकावा. आंबटपणा, तुरटपणा व चव किती वेळ टिकते, याची लगेच नोंद करावी.

हंगामाचा परिणाम

२००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची तीव्र लाट आली. अशा उष्णतेत साखर वाढते व आम्लता घटते. वाइनला अतिपक्व फळांचा स्वाद येतो. २००७ चा उन्हाळा थंड व पावसाळी होता, त्यामुळे त्या वर्षीच्या वाइन हलक्या झाल्या. २००९ चा हंगाम उबदार व भरपूर उन्हाचा होता. वाइन मऊ व भरदार झाल्या. २०१० चा हंगाम कोरडा, पण रात्री थंड होत्या. म्हणून आम्लता टिकली व तुरटपणाही जास्त आला. २०१३ मध्ये थंड, ओल्या वसंत ऋतूमुळे फुलगळ होऊन उत्पादन घटले.

निष्कर्ष काढताना

जुन्या वाइनमधील फरक हंगामाचा की वयाचा, हा प्रश्न नेहमी येतो. मुरताना रंग फिकट होतो, तुरटपणा कमी होतो आणि फळांच्या वासाची जागा देवदार, तंबाखू, चामडे यांसारखे वास घेतात. म्हणून २००३ ची तुलना २०१३ शी करून हवामानाचा अंदाज बांधू नये. लगतची वर्षे जोडीने चाखावीत. २००९ व २०१० या वाइनच्या वयात एकाच वर्षाचे अंतर असल्याने फरकाचे श्रेय बरेचसे हंगामाला देता येते. तरीही एक सावधगिरी बाळगावी. दोन जातींचे प्रमाण दरवर्षी बदलते व मुख्य वाइनसाठी निवडक मालच वापरतात. त्यामुळे वाईट हंगामाचे दोष काही अंशी झाकले जातात.

आपल्या बागायतदारांसाठी

बोर्दोत वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटणी होते आणि काढणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. आपल्याकडे एप्रिल व ऑक्टोबरच्या सुमारास अशा दोन छाटण्या होतात आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात. म्हणून तिकडची वर्षे आपल्याला लागू नाहीत, पद्धत मात्र लागू आहे. छाटणीची तारीख, फुलोरा, पाऊस, गारपीट, कमाल-किमान तापमान, काढणीच्या वेळची साखर, आम्लता व बियांचा रंग यांची प्लॉटवार नोंद ठेवावी. वाइनरीकडून त्याच प्लॉटच्या मालाचा अभिप्राय दरवर्षी मागावा व नोंदीशेजारी लिहावा. केवळ साखर पाहून काढणी केल्यास बी हिरवी व तुरटपणा कच्चा राहू शकतो. हा दोष पुढे वाइनमध्ये उतरतो. चार-पाच हंगामांच्या नोंदी हाती आल्या, म्हणजे काढणी आठवडाभर लांबवावी की पावसाआधी उरकावी, हा निर्णय अंदाजाने न घेता स्वतःच्या बागेच्या अनुभवावरून घेता येईल.