शासकीय योजनांचे मूल्यमापन : हेतू व पद्धती

रामाकोना परिसरातील एखाद्या गावी पाझर तलाव बांधला गेला, असे समजू या. खर्च नियमानुसार झाला की नाही, हे लेखापरीक्षक पाहतो. काम मुदतीत पूर्ण झाले की नाही, याचा आढावा अधिकारी घेतो. परंतु तलावाखालच्या विहिरींचे पाणी वाढले काय, वाढले असल्यास ते कोणाच्या शेताला मिळाले आणि ते तलावामुळे वाढले की त्या वर्षीच्या चांगल्या पावसामुळे, हे प्रश्न त्यानंतरही उरतात. या प्रश्नांची पद्धतशीर उत्तरे शोधणे म्हणजेच योजनेचे मूल्यमापन होय.

लोकप्रशासनाच्या अभ्यासक्रमात या विषयास महत्त्वाचे स्थान आहे. नागपूर विद्यापीठाने 1949 मध्ये लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. सौंसर भागाची प्रांतिक राजधानीही त्या काळी नागपूरच होती. पुढे 1952 मध्ये सामूहिक विकास कार्यक्रमाच्या परीक्षणासाठी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन केली. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये याच कार्यक्रमाची पाहणी करून लोकांच्या पुढाकाराचा अभाव दाखवून दिला आणि त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. मूल्यमापनातून नवे धोरण कसे जन्मास येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या दृष्टीने अधिकच बोधप्रद आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली ही योजना 1972 मध्ये राज्यभर लागू झाली आणि 26 जानेवारी 1979 पासून तिला कायद्याचे बळ लाभले. कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांच्या 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे दिसून आले. कामे किती निघाली, एवढेच मोजले असते तर लाभ कोणाच्या पदरी पडला, हे कळले नसते.

1988 मध्ये या योजनेच्या मजुरीत मोठी वाढ झाली. तथापि पुढे रोजगाराचे मनुष्यदिवस घटले. मजुरांची गरज संपली, असा अर्थ वरवर पाहणारा काढील. पण मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढावयास हवेत, कमी होण्याचे कारण नाही. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये हाच प्रश्न तपासला. मजुरीवाढीनंतर मागेल त्या प्रत्येकाला काम मिळत नव्हते, म्हणजे हमीच दुबळी झाली होती, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. एकाच आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. आणि चुकीच्या अर्थाची किंमत काम न मिळालेल्या मजुराला मोजावी लागते.

यास्तव मूल्यमापन करताना काही पथ्ये पाळावी लागतात. योजनेपूर्वीची स्थिती नोंदवून ठेवणे, हे पहिले. पाऊस व जमीन सारखीच असूनही जेथे योजना पोहोचली नाही अशा गावाशी तुलना करणे, हे दुसरे. लाभ मिळालेल्यांबरोबर वगळले गेलेल्यांनाही विचारणे, हे तिसरे. कारण त्यांची नावे कोणत्याच नोंदवहीत नसतात.

हे काम केवळ तज्ज्ञांचे नाही. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे सोपविले होते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरींची पाणीपातळी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजून घेतली, ग्रामस्थांनी हजेरीपट प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिला आणि अधिकाऱ्यांनी प्रतिकूल निष्कर्षही खुलेपणाने स्वीकारला, तर योजनेतील दोष वेळीच ध्यानात येतील. मूल्यमापनाचा हेतू दोषी शोधण्याचा नसून, पुढील तलाव योग्य जागी बांधला जावा हा आहे.