टीएस घेताना

सूर्यफुलाचं खोड टीएससाठी, म्हणजे आडव्या छेदासाठी, जून घेऊ नये. शेंड्याकडचं, पेन्सिलीएवढं कोवळं कांडं बरं. डाव्या हाताच्या चिमटीत ते उभं धरायचं, ब्लेड ओलं करायचं आणि आपल्याकडे ओढत एका दमात फिरवायचं. मागेपुढे घासलं की पेशी फाटल्याच. हरभऱ्याचं मूळ तर चिमटीत धरवतच नाही. बटाट्याच्या फोडीत किंवा पपईच्या देठात खोचून फोडीसकट कापावं लागतं. पाण्यात पडलेल्या सेक्शनांपैकी जवळजवळ दिसेनासा झालेला ब्रशने उचलायचा. अख्खा गोल हवा, हा मुलांचा हट्ट असतो. पातळ पाव तुकडा जाड गोलापेक्षा कितीतरी जास्त दाखवतो.

मग सॅफ्रानिनचा थेंब. जादा रंग धुतला की झायलमच्या लिग्निनयुक्त भिंती तेवढ्या लालभडक राहतात. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सुईने हळू सोडायची. घाई केली की हवा अडकते, आणि काळ्या कडेच्या बुडबुड्याला पेशी समजून त्याचं चित्र काढणारा एखादा प्रत्येक बॅचमध्ये निघतोच.

सूर्यफुलात वाहक वृंदांचं कडं दिसतं, मधोमध भेंड. मक्यात ते सगळीकडे विखुरलेले. कडेला लहान नि दाट, आत मोठे नि विरळ. त्यातला एक मोठा ४० च्या भिंगाखाली घ्या. दोन रुंद वाहिन्या डोळ्यांसारख्या, खाली एखाददुसरी बारीक वाहिनी आणि त्याखाली पोकळी: चक्क माणसाचा चेहरा! कांडं लांबताना सर्वांत आधीच्या वाहिन्या ताणून तुटतात, त्यांची ही रिकामी जागा.

खोड की मूळ, असा प्रश्न पडला तर प्रोटोझायलम, म्हणजे आधी तयार झालेल्या अरुंद वाहिन्या, शोधाव्यात. खोडात त्या केंद्राकडे असतात, मुळात सालीकडे. हरभऱ्याच्या मुळात झायलमचे बहुधा चार गट असतात, मक्याच्या मुळात पुष्कळ.

सूर्यफुलाच्या वृंदात झायलम आणि फ्लोएमच्या मध्ये चपट्या पेशींची एक पट्टी असते. तेच कॅम्बियम. मक्यात ते कितीही शोधलं तरी सापडत नाही, कारण नसतंच. तयार स्लाइडवर मुलं या पट्टीवरून नजर फिरवून पुढे जातात. स्वतः कापलेल्या सेक्शनमध्ये ती शोधावी लागते, म्हणून मी हातानेच कापायला लावण्याच्या बाजूचा. कोकणातलं हापूसचं कलम याच पट्टीवर जगतं. खुंटाचं आणि काडीचं कॅम्बियम भिडलं की दोन्हींच्या वाहिन्या सांधल्या जातात. शेजारच्या नारळाच्या खोडात कॅम्बियम नाही. त्याचं असं कलम होत नाही, रोप नारळ रुजवूनच करावं लागतं.