मुका मार : त्याचे तीन अर्थ

गुराच्या अंगावर सूज आली आणि जखम कोठें दिसली नाहीं, म्हणजे ‘मुका मार लागला’ असें म्हणून आपण हळदीचा लेप लावितों व आपल्या कामास लागतों. परंतु या एका नांवाखालीं निदान तीन निरनिराळ्या गोष्टी मोडतात व त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. म्हणून त्यांचा थोडा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुका मार म्हणजे काय तें पाहूं. आघातानें कातडी न फाटतां तिच्याखालील बारीक रक्तवाहिन्या फुटतात व रक्त मांसांत झिरपून साकळतें. मनुष्याच्या अंगावर हा डाग आरंभीं तांबूस, मग काळानिळा, पुढें हिरवट व शेवटीं पिवळसर होऊन सुमारें दोन आठवड्यांत मावळतो. कारण साकळलेलें रक्त शरीर हळूहळू जिरवीत असतें. गुरांची कातडी जाड व केसाळ असल्यामुळें हे रंग दिसत नाहींत. तेथें डोळ्यांचें काम हातानें करावें लागतें.

पहिला अर्थ साध्या आघाताचा. शिंग, लाथ अथवा घसरून पडणें हें त्याचें कारण. सूज मार बसला तेथेंच असते, हातास ऊन लागते व दाबल्यास जनावर अंग चोरतें. परंतु तें चारा खातें व रवंथ करितें. पहिल्या दिवशीं थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्या, दोन दिवसांनंतर ऊन पाण्यानें शेकावें व विश्रांति द्यावी. रगडून चोळूं नये.

दुसरा अर्थ खांदेसुजीचा. जूं घासून बैलाच्या मानेवर दररोज थोडा थोडा मार बसतो. ही सूज म्हणजे आपल्या जुंपणीविरुद्ध बैलाची तक्रारच समजावी. जूं खडबडीत आहे काय, जोडी कमीजास्त उंचीची आहे काय, ओल्या मानेवर ओढकाम घेतलें काय, हें पाहावें. जूं न सुधारतां नुसतें औषध लावणें व्यर्थ होय. सूज उतरेपर्यंत बैल जुंपूं नये.

तिसरा अर्थ फऱ्याचा. यासच कोठें कोठें एकटांग्या म्हणतात. हा मार नव्हे, जंतुजन्य रोग होय. बहुधा सहा महिने ते दोन वर्षें वयाचीं धष्टपुष्ट जनावरें पावसाळ्याच्या आरंभीं यास बळी पडतात. कडक ताप येतो, चारा सुटतो, एका पायानें लंगडणें सुरू होतें व फऱ्यावर अथवा खांद्यावर सूज येते. ती दाबल्यास आंतील वायूमुळें चरचर असा आवाज होतो. शिवाय मांसांत निपचित पडलेले हे जंतु कधीं कधीं खऱ्या मारानेंही जागे होतात, असें शास्त्रज्ञ मानतात. म्हणून मार लागल्याचें डोळ्यांनीं पाहिलें, एवढ्यावरून निश्चिंत राहूं नये.

आम्ही तसे राहिलों. इ. स. २०११ च्या आषाढांत आमचा दीड वर्षाचा गोऱ्हा सकाळीं लंगडूं लागला. आदल्या दिवशीं बैलानें त्यास ढुशी दिली होती, तेव्हां आम्हीं निःशंकपणें लेप लाविला. संध्याकाळीं सूज थंड व बधिर झाली. तो उतारच आम्ही समजलों. उजाडण्यापूर्वीं गोऱ्हा गेला. महसुली दप्तरांत प्रत्येक शेरा तपासून लिहिण्यांत आमची नोकरी गेली. घरचा एक शेरा मात्र न तपासतां लिहिला, याची खंत अद्याप आहे.

ताप, लंगडणें व चरचर हीं दिसतांच तत्काळ पशुवैद्यकास बोलवावें. आरंभींच औषध टोचल्यास जनावर वांचण्याची आशा असते. मेलेलें जनावर फाडूं नये. चुना घालून खोल पुरावें, कारण या जंतूंचें बीज जमिनींत वर्षानुवर्षें टिकतें. खरा उपाय म्हणजे दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं लस टोचून घेणें हा होय. तिला लागणारा वेळ घटकाभराचा. गेलेलें जनावर मात्र परत येत नाहीं. तरी शेतकरी बंधूंनीं ‘मुका मार’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं सुजेवर एकदा हात दाबून पाहावा, इतकीच विनंति आहे.