कुवेतचे पत्र : काचेच्या आत आणि बाहेर

फाहाहील (कुवेत), जून



महामार्गाच्या रुंदीकरणात आणि खंबाटकी घाटाच्या कामात आपण शिरवळकरांनी धूळ काही कमी खाल्लेली नाही. पण आपल्याकडची धूळ ट्रकमागून उठते आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की खाली बसते. इथली धूळ परमुलखातून येते. उन्हाळ्यात वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटतो, तो दक्षिण इराकमधली सुकलेली जमीन उचलून आणतो. तैग्रिस-युफ्रेटिसचे पाणी वरच्या धरणांत अडले, खालच्या दलदली आटल्या, वर दुष्काळ; त्या सगळ्याची माती आमच्या खिडकीत. मे २०२२ मध्ये अशी वादळे लागोपाठ आली. विमानतळ काही वेळ बंद ठेवावा लागला, शाळांनाही सुट्टी द्यावी लागली. पाऊस हिवाळ्याच्या आगेमागे, तोही नावालाच. हवेत धूळ असताना पडला, तर गाड्यांवर चिखलाचे ठिपके उमटतात.

अशा हवेची सवय होत नाही. घराची शिस्त तेवढी लागते. इशारा आला की खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी आणि दाराखाली ओला टॉवेल. धूळ मैद्यासारखी बारीक असते. तिच्यावर आधी ओले फडके फिरवले की लादीवर चिखल होतो, म्हणून आधी व्हॅक्युम, मग फडके. वादळ ओसरले की एसीची जाळी काढून धुवायची, नाहीतर तीच धूळ रात्रभर छातीत. दमेकऱ्याचा पंप उशाशीच असतो. ऊन भरपूर, पण कुरडया-पापड उघड्यावर घालायची सोय नाही. कपडेही बाल्कनीत वाळत घालायला मनाई आहे. ते खोलीतल्या स्टँडवर एसीच्या हवेत वाळतात.

पाण्याची गंमत वेगळीच. या देशाला आपल्या नीरेसारखी एकही नदी नाही. नळाला येते ते मुख्यतः समुद्राचे, खारेपण काढलेले पाणी. ते गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापते. २०१६ च्या जुलैत कुवेतमधल्याच मित्रिबा इथे ५३.९ अंशांची नोंद झाली, यावरून टाकीची कल्पना करा. म्हणून उन्हाळा लागला की जुनी मंडळी गीझर बंद करतात. गीझरच्या टाकीत साठलेले पाणी खोलीच्या गारव्याने निवते आणि आंघोळ ‘गरम’ नळाने होते. ‘गार’ नळाखाली हात धरवत नाही.

सुट्टीवर गावी जाताना गाडीची किल्ली मित्राकडे ठेवावी लागते. धूळ खात उभी राहिलेली गाडी बेवारस समजून पालिका तिच्यावर नोटीस चिकटवते आणि मुदत संपली की उचलून नेते. एरवी पहाटे बादली-फडके घेऊन गाड्या पुसणारी पोरे येतात. बहुतेक आपल्याच भागातली, भारत-बांगलादेशातली.

इथे खरा फरक पडतो तो काचेच्या कुठल्या बाजूला तुमची नोकरी आहे यावर. आत बसणाऱ्याला धूळ म्हणजे घरकाम. बाहेरच्याला ती दिवसभराची हवा. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची बंदी आहे. नियम चांगला, पण तो उन्हासाठी. शमाल घड्याळ पाहून सुटत नाही. डोक्याचा रुमाल नाकाला गुंडाळून माणसे पहाटे कामाला लागतात. दक्षिण इराकमध्ये झाडे लावून धूळ उगमापाशीच धरायचे प्रयत्न सुरू आहेत. कुवेतने त्याला पैसाही दिला आहे. झाडे वाढतील तेव्हा वाढतील.

तोवर आपल्या एमआयडीसीत काम शिकलेल्या, इकडे यायच्या विचारात असलेल्या पोरांना एवढेच सांगणे : एजंटाला पगार विचाराच, पण त्याआधी काम आत की बाहेर ते विचारा, आणि उत्तर करारावर लिहून घ्या.