तांत्रिक आरेखनांसाठी प्लॉटर

प्लॉटर हे अभियांत्रिकी व वास्तुशास्त्रीय आरेखने मोठ्या कागदावर प्रमाणबद्ध छापणारे यंत्र आहे. वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते, भूमापक व यंत्रांचे आरेखक त्याचा वापर करतात. आजचे बहुतेक प्लॉटर प्रत्यक्षात रुंद इंकजेट प्रिंटर असतात. व्यवसायात मात्र जुनेच नाव रूढ आहे. लहान कार्यालयासाठी असे यंत्र निवडताना केवळ खरेदीची किंमत पाहणे पुरेसे नसते. कागदाची रुंदी, शाईचा प्रकार आणि दरमहा लागणाऱ्या प्रतींची संख्या यांवरून ते स्वस्त की महाग हे ठरते.

इतिहास

संगणकापूर्वी मूळ आरेखन ट्रेसिंग कागदावर हाताने काढले जाई व त्याच्या प्रती प्रकाशसंवेदी कागदावर घेतल्या जात. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप प्रक्रियेतून निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेली ‘ब्लू प्रिंट’ आली. पुढे डायझो प्रक्रियेने तिची जागा घेतली. या प्रक्रियेत अमोनिया वापरला जात असल्याने तिच्या प्रतींना ‘अमोनिया प्रिंट’ असे म्हणतात.

१९५९ मध्ये अमेरिकेत ‘कॅलकॉम्प ५६५’ हा ड्रम प्लॉटर आला. त्यात दंडगोलावरील कागद पुढेमागे सरकत असे आणि पेन आडवे फिरत असे. पेन प्लॉटरची रेषा सलग येई, परंतु दाट आरेखनाला बराच वेळ लागे. १९९१ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने ‘डिझाइनजेट’ ही इंकजेट यंत्रे आणली. त्यानंतरच्या काळात पेन प्लॉटर मागे पडले.

कागदाची रुंदी

आयएसओ २१६ या मानकानुसार ए० कागद ८४१ × ११८९ मिमी असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मीटर असते. त्याच्या निम्मा, म्हणजे ५९४ × ८४१ मिमीचा कागद ए१ होय. बाजारातील यंत्रे प्रामुख्याने २४ इंच (६१० मिमी) आणि ३६ इंच (९१४ मिमी) रुंदीची असतात. २४ इंची यंत्रावर ए१ पर्यंतची, तर ३६ इंची यंत्रावर ए० पर्यंतची आरेखने छापता येतात. ५० मीटर लांबीच्या २४ इंची रोलमधून ए१ आकाराच्या सुमारे ५९ प्रती निघतात; ३६ इंची रोलमधून ए० आकाराच्या सुमारे ४२. घरे व लहान इमारतींची आरेखने बहुधा ए१ मध्ये मावतात. त्यामुळे ए० ची गरज क्वचितच पडत असेल, तर अधिक रुंद यंत्रावरील खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

रेषा आणि शाई

तांत्रिक आरेखनात ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ मिमी अशा ठरावीक जाडीच्या रेषा वापरतात आणि जाडीवरून रेषेचा अर्थ कळतो. प्रति इंच ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्रात दोन ठिपक्यांतील अंतर सुमारे ०.०४२ मिमी असते, म्हणजे ०.१८ मिमीच्या रेषेच्या जाडीत चार ठिपके येतात. रेषाचित्रांसाठी एवढी सूक्ष्मता पुरेशी असते. छायाचित्रांसाठी बनवलेली आठ-बारा रंगांची महाग यंत्रे या कामास आवश्यक नाहीत. चार रंग पुरतात.

शाई डाय व पिगमेंट अशा दोन प्रकारची असते. डाय शाई पाण्यात विरघळलेली असल्याने ओल लागताच पसरू शकते. पिगमेंट शाईतील रंगकण कागदाच्या पृष्ठभागावर बसतात व पाणी आणि प्रकाश यांपुढे अधिक टिकतात. बांधकामाच्या जागी पावसाळ्यात हाताळल्या जाणाऱ्या प्रतींसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रमाणाची अचूकता

आरेखनावरून मापे घेतली जात असल्याने प्रत नेमक्या प्रमाणात छापली जाणे आवश्यक असते. छपाईच्या वेळी ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडल्यास प्रमाण बिघडते. ए१ चे आरेखन ए३ वर छापल्यास प्रत्येक लांबी निम्मी होते व १:१०० चे प्रमाण १:२०० होते. दमट हवेत कागदही किंचित प्रसरण पावतो. यंत्राची तपासणी करण्यासाठी ५०० मिमीची रेषा छापून ती पोलादी पट्टीने मोजतात. तीत १ मिमीची चूक निघाल्यास १:१०० प्रमाणात ५० मीटर अंतरामागे १० सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणूनच आरेखनावर लिहिलेले माप हेच प्रमाण मानण्याचा प्रघात आहे.

खर्चाचा हिशेब

यंत्राची किंमत भागिले प्रत्येक प्रतीमागे होणारी बचत, या भागाकारातून खर्च किती प्रतींत भरून निघेल हे कळते. उदाहरणार्थ, यंत्र १,२०,००० रुपयांचे, बाहेरील छपाईचा दर प्रतीमागे ६० रुपये आणि स्वतःच्या यंत्रावरील कागद व शाईचा खर्च २० रुपये मानल्यास, बचत ४० रुपये होते. त्या हिशेबाने ३,००० प्रतींनंतर खर्च भरून निघतो. दरमहा १५० प्रती लागत असतील तर त्यास २० महिने लागतात. ५० लागत असतील तर पाच वर्षे.

या हिशेबात देखभालीचाही विचार करावा लागतो. इंकजेट यंत्र बरेच दिवस बंद राहिल्यास छपाईच्या हेडमधील बारीक छिद्रांत शाई सुकते. ती मोकळी करताना आणखी शाई खर्च होते. अनेक यंत्रांत हेड हा बदलावा लागणारा भाग असतो. जुने यंत्र घेताना त्याच्या हेडची स्थिती, शाईच्या काडतुसांची उपलब्धता आणि सध्याच्या संगणक प्रणालीवर चालणारा ड्रायव्हर या तीन गोष्टी तपासणे आवश्यक असते.

पर्याय

महिन्याला मोजक्याच प्रती लागणारी कार्यालये तपासणीसाठी ए३ प्रिंटर वापरतात आणि अंतिम प्रती पीडीएफ स्वरूपात छपाईच्या दुकानाकडे पाठवतात. याउलट, रोज शेकडो प्रती काढणाऱ्या ठिकाणी टोनरवर चालणारे एलईडी प्लॉटर वापरले जातात. त्यांची किंमत जास्त असली तरी वेग अधिक असतो व प्रत छापून निघताच कोरडी असते.