नेहमीची खोली

पहाटेचे साडेपाच. भिगवणला महामार्ग सोडून गाडी कुंभारगावच्या रस्त्याला लागली आहे. दोन्ही अंगांना ऊस. पुढे दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला आहे आणि त्याला ओलांडायला जागा नाही. काच खाली केली की गार वारा आत घुसतो, त्यात गाळाचा आणि ओल्या गवताचा वास. उजनी धरणाचा फुगवटा इथून हाकेच्या अंतरावर आहे. दिसत मात्र नाही अजून.

मुक्कामाच्या घराच्या अंगणात चार गाड्या आधीच लागल्या आहेत. पत्र्याच्या शेडखाली प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर लांबट वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन. नाव, गाव, माणसं किती, गाडी नंबर, मोबाईल. टेबलापुढे सात-आठ जण उभे आहेत. कानटोप्या, जॅकेटं, खांद्यावर कॅमेऱ्याच्या जड बॅगा. कुणी मोबाईलमध्ये आधारकार्डाचा फोटो शोधतंय, कुणी गिझरची चौकशी करतंय. एक लहान मुलगी वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपली आहे. वहीत लिहिणारा मुलगा मधूनच उठून बोटींचं बघायला जातो, की रांग थांबते.

एवढ्यात एक जुनी गाडी आत येते. मोकळ्या जागेत तशीच घुसत नाही. पुढे जाते, वळते, रस्त्याकडे तोंड करून उभी राहते. नेहमीच्या माणसाची ही पहिली खूण. दुपारी अंगण गच्च भरतं, तेव्हा अडकून न पडता बाहेर निघते ती हीच गाडी. चालवणारे काका साठीच्या पुढचे. टेबलाकडे ते वळतही नाहीत. चपला कडुनिंबाच्या बुंध्याशी काढतात आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहतात.

"वहिनी, पाणी किती उतरलंय?"

"उतरलंय की. पलीकडचा उंचवटा उघडा पडलाय. चहा घ्या आधी."

खोलीचा विषय दोघांपैकी कुणीच काढत नाही.

पाण्याची चौकशी काका उगाच करत नाहीत. सगळे इथे येतात ते रोहित पक्षी बघायला, आणि त्याला उथळ पाणी लागतं. पाय टेकतील, चोच उलटी करून गाळातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खाता येतील, एवढंच. धरण काठोकाठ भरलेलं असलं तर उथळ जागाच उरत नाही, मग थवे उशिरा उतरतात. म्हणून इथे वारंवार येणारा माणूस आठवड्याच्या मधेच फोन करतो आणि खोली आहे का विचारण्याआधी पाणी विचारतो. उजनीची पूर्ण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची, म्हणून कडक उन्हाळ्यात धरण उण्यात जातं. 2023 च्या पावसाळ्यात ते जेमतेम साठ टक्क्यांवर थांबलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात उणे साठच्या जवळ गेलं.

"त्या साली बोट चिखलात रुतायची," चुलीत काटकी सारत वहिनी सांगतात. "पाहुणंच नव्हतं. हे मात्र दोनदा आले."

मग त्या मुलाला हाक मारतात. "ए, यांची शेवटची खोली उघड."

रांगेत माझ्यापुढे एक तरुण उभा आहे. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. रांग सरकेपर्यंत तो त्याच्या रोजच्या हॉटेलांबद्दल बोलतो. लिफ्टजवळची खोली तो कधी घेत नाही. वरचा मजला मागून घेतो. खोलीत शिरल्यावर आधी एसीचा आवाज ऐकतो, बॅग उघडतो नंतर. जगभर पसरलेल्या एका हॉटेलसाखळीचं गोल्ड सभासदत्व त्याच्याकडे आहे. तिथे वर्षाला 25 रात्री काढल्या की गोल्ड आणि 50 काढल्या की प्लॅटिनम. प्लॅटिनमवाल्याला खोली दुपारी चारपर्यंत ठेवता येते. अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांनी 1983 मध्ये अशा योजना सुरू केल्या. पॉइंट जमवायचे, दर्जा वाढवायचा, वर्ष संपलं की पुन्हा पहिल्या रात्रीपासून मोजणी.

"काउंटरवरचा माणूस दर खेपेला नवा असतो," तो म्हणतो. "पण माझं नाव त्याच्या पडद्यावर आलेलं असतं. थकून गेल्यावर तेवढंही बरं वाटतं."

त्याचा नंबर येतो. खोली आत्ता मिळेल का, तो विचारतो.

"नऊला मोकळी होईल, दादा. बॅगा आत ठेवा. बोट चुकवू नका."

काठापर्यंत पाच-सात मिनिटांची वाट. पूर्वेला आता तांबडं फुटतंय. पायाखाली भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ. काळे पाईप काठावरून थेट पाण्यात गेलेले, टोकाला मोटारी. पाणी मागे सरकलं की शेतकरी मोटारी त्याच्या मागोमाग नेतात आणि उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. समोरचा काठ धुक्यात आहे. तो करमाळा तालुका, सोलापूर जिल्हा. केत्तूर, कोंढार चिंचोली, कुगाव ही गावं तिकडची. जिल्ह्यांची हद्द पाण्यातूनच गेली आहे, आणि ज्या भीमेच्या पात्रावरून ती आखली ते पात्रही आता तळाशी आहे. 1980 साली धरण पूर्ण झालं. पाणी जसं चढत गेलं तशी घरं वर आली. वहिनींच्या सासऱ्यांचं घरही असंच वर आलेलं. गाव होतं ती जागा आमचा नावाडी हात लांब करून दाखवतो. तिथे आता चक्रवाकांची जोडी पोहते आहे.

बोटीत चढण्याआधी केशरी जॅकेटं वाटली जातात. एकदोघे हातात धरून बसतात. काका स्वतःचं बांधतात, मग त्यांच्याकडे वळून म्हणतात, "घाला, बांधा." आवाज चढवत नाहीत. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. काठावरच्या प्रत्येक गावाला ती संध्याकाळ ठाऊक आहे. जॅकेटांचे बंद आवळले जातात.

काकांचा नावाडी ठरलेला आहे. भाव होत नाही. बसायची जागाही ठरलेली, पुढच्या टोकाला डावीकडे. थवा दिसायला लागतो तसा नावाडी इंजिन बंद करतो आणि बांबू हातात घेतो. बांबू गाळात रुतल्याचा आवाज, पाणी कापल्याचा आवाज. दोनशे तरी असतील. आधी नुसती फिकट गुलाबी रेघ. जरा पुढे गेल्यावर पाय दिसतात, वाकलेल्या माना दिसतात, आणि गुरगुरल्यासारखा एक सलग आवाज ऐकू यायला लागतो.

शेजारच्या बोटीतून कुणीतरी ओरडतं, "जरा उडवा ना! पंख उघडल्यावर फोटो मस्त येतो."

तिकडचा नावाडी घुटमळतो. गिऱ्हाईक नाराज झालं तर पुढल्या वेळी दुसऱ्याच्या बोटीत बसेल. काका त्या बोटीकडे बघतात. "नका, भाऊ. खातायत ते. उन्हं वर आली की आपसूक उडतील." बोट थांबते. उडवलेला थवा लांब जाऊन बसतो, त्याची खायची वेळ वाया जाते आणि मागून येणाऱ्या बोटींना नुसतं पाणी दिसतं. माझ्या मते या काठावर जुन्या माणसाचा मान खरा इथे कामाला येतो. त्याच्या एका शब्दाने बोट थांबते. नावाड्याला नको असलेली गोष्ट त्याच्या वतीने तो बोलून दाखवतो.

दहा वाजता परत येतो तोवर ऊन चटकायला लागलेलं असतं. शेवटच्या खोलीचं दार उघडं आहे. काका बोलावतात. खोली लहान, दोन खाटा, पूर्वेला खिडकी. आल्या आल्या काय करता, असं मी विचारतो, तर ते करूनच दाखवतात. आधी खिडकीच्या जाळीचा कोपरा चाचपायचा, डास तिथूनच येतात. मग बटणं लावून कुठल्या प्लगला वीज आहे ते बघायचं, कारण कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दुपारीच चार्ज व्हायला हव्यात. रात्री दाब कमी असतो. मग खाटेखाली हात घालून ते एक पोतं ओढतात. पोत्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. टाचांवर गेल्या खेपेचा गाळ वाळून पांढरा झालेला. हे बूट इथेच असतात, बारा महिने. पावसाळ्यात वहिनी ते माळ्यावर टाकतात, दिवाळीनंतर उन्हात काढतात.

जेवायला चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तो तरुण दोन भाकऱ्या जास्त मागून घेतो.

दुपार टळल्यावर मी महामार्गाला लागतो. इंदापूर मागे पडतं. भीमानगरला धरणाची भिंत, एकेचाळीस दरवाजे, सगळे बंद. टेंभुर्णीत शिरताना दिवे लागलेले असतात. इथून एक वाट पंढरपूरला फुटते. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या चौकात अडकल्या आहेत, हॉर्नचा कल्लोळ आहे, आणि एका लॉजच्या काउंटरपुढे मी पुन्हा रांगेत उभा आहे.

इथल्या वारंवार येणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. बियाणं आणि औषधं विकणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, ते बिलावरचं कंपनीचं नाव आधी तपासून घेतात. कंदर-वांगीच्या पट्ट्यातली केळी परदेशी जातात, त्या व्यवहारातले खरेदीदार येतात. पहाटे चारला बागेत पोचायचं असतं, म्हणून त्यांना जिन्याजवळची खोली लागते आणि पैसे ते रात्रीच चुकते करतात. महामार्गाच्या अंगाची खोली कुणालाच नको. रात्रभर ट्रकचे ब्रेक ऐकू येतात. नवीन माणसाला खोली पुढच्या अंगाची मिळते, कारण मागच्या खोल्या तोंडी बोलून ठेवलेल्या असतात. काउंटरवर पाटी आहे : चेकआउट 24 तास. मोठ्या हॉटेलात दिवस दुपारी संपतो. इथे तुम्ही आलात त्या घटकेपासून तो मोजतात. हे ठाऊक असलेला माणूस वहीत वेळ लिहिताना घड्याळ बघतो आणि मॅनेजरलाही दाखवतो.

माझ्या मागे एक जोडपं उभं आहे. कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशव्या. आज दशमी. महिन्याची वारी. आज इथे मुक्काम, उद्या एकादशीला पंढरपूर, द्वादशीला परत गावी. मॅनेजर मान वर करतो आणि वही त्यांच्यापुढे सरकवतच नाही. नाव, गाव, वय, सगळं तो स्वतःच भरतो. फक्त सही तेवढी घेतो.

"माउली, तळमजला मागच्या अंगाची. पाणी तापत ठेवलंय. गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे. जिना मात्र नको." बाई पिशवीतून ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवतात. "घरची आहे. मुलांना सांग, कडक भाकरी करून घ्या."

मॅनेजर पुरचुंडी आत पाठवतो, किल्ली काढतो आणि कॅलेंडरची पानं उलटत विचारतो, "पुढची दशमी सोमवारी येतेय. लग्नाची गर्दी असणार. आत्ताच लिहून ठेवू का?"

"लिही," बाईंचे यजमान म्हणतात. "आम्ही दोघं, आणि या खेपेला नातवालाही आणणार आहे. त्याला एक गादी जास्त लागेल."

तो लिहितो. मग माझ्याकडे वळतो. "बोला सर. आधार दाखवा. खोली पुढच्या अंगाची मिळेल."